मुंबई-न्यूयॉर्कची तयारी: आधी तारीख वाचा

बॅगा नंतर भरा. आधी तिकीट समोर घ्या आणि तारीख मोठ्याने वाचा. १५ मे, ०१:३० असं छापलंय ना? मग पुण्यातलं घर सोडायचं १४ तारखेला. १४ला. आम्ही १५ला हातावर दही घेऊन निघालो आणि रात्री साडेनऊला चार बॅगांसकट सहारला उतरलो. दारावरच्या जवानाने तिकीट दोनदा वाचलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "अंकल, ये तो कल रात को निकल गया." नव्या तिकिटाला किती पडले ते विचारू नका. रात्री बाराला तारीख बदलते हे शाळेत शिकलेलो असतो, पण डोक्यात '१५च्या रात्रीचं विमान' एकदा बसलं की बसलं. म्हणून कॅलेंडरवर गोल १४ला करा.

सहार पुण्याहून दीडशे किलोमीटर. गूगल साडेतीन तास सांगतं, पण घाटात ट्रक आडवा झाला की ते गेलं खड्ड्यात. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणजे १४ला संध्याकाळी पाचला गाडी दारात हवी.

पासपोर्ट, व्हिसा: सांगायला नको. वजन घरीच करा. लोणचं आणि तूप मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत. गोळ्याही हातातच, चिठ्ठीसकट आणि दोन दिवसांच्या जादा.

आता वेळेचं. तिकिटावर ०१:३०ला सुटून ०८:००ला न्यूयॉर्क दिसेल, तारीख तीच. साडेसहा तासांत अमेरिका? अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे हो. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. म्हणजे खरे तास सोळा, तेही विमान थेट असेल तर. मध्ये कुठे उतरून बदलायचं असेल तर बावीस-चोवीस सहज होतात. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या ते डॉक्टरांना आधीच विचारा. आणि मुलीला कळवताना नुसतं 'सकाळी आठला' नको, तारीखही लिहा. पुन्हा तारीख, हो.

विमानात दर दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या. उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत का विचारतील, 'हो' म्हणा. लाडू लपवण्यात अर्थ नाही.

परतीचं थोडक्यात. वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते येताना पाठीशी, म्हणून तास-दीड तास वाचतो. पण तारीख उलटी खेळते: तिथून दुपारी बाराला निघालात की इथे दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आसपास. गाडीवाल्याला ही दुसरी तारीख सांगा. आमचा एक दिवस आधीच येऊन उभा होता, पार्किंगची पावती अजून पाकिटात आहे.