बैर-शेबा: नावाची विहीर कशी उपसावी

मराठी बायबलात 'बैर-शेबा' हे गाव पहिल्यांदा भेटलं तेव्हा मी वहीत बेधडक लिहून टाकलं, 'बैर म्हणजे वैर'. गोष्टीत भांडणही होतं. तिथल्या राजाच्या, अबीमलेखाच्या, चाकरांनी विहीर बळकावली म्हणून यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम तक्रार करतो. सगळं इतकं चपखल बसलं की शंकाच आली नाही. पुढे त्या नोंदीवर लाल रेघ मारली, पण पान फाडलं नाही. प्राचीन हिब्रू गावाच्या नावाचा अर्थ लावायला बसलात, तर कानाला ओळखीचं वाटणारं पहिलं उत्तर बाजूला ठेवा.

सुरुवात मूळ अक्षरांपासून करायची. मराठीत आलेलं रूप हे बऱ्याच हातांतून आलेलं असतं. हिब्रूत हे नाव दोन शब्दांचं आहे, त्यांची अक्षरं अशी: बेत-आलेफ-रेश आणि शीन-बेत-आयिन. आपल्या लिपीत आलेफ आणि आयिन ही दोन्ही अक्षरं हरवतात, कारण तसे उच्चार आपल्याकडे नाहीत. दुसऱ्या शब्दातला 'बेत' स्वरानंतर आल्यामुळे 'व'सारखा होतो, म्हणून आज तिथली माणसं 'बेएर शेवा' म्हणतात. 'बेएर' म्हणजे खणलेली विहीर. आपसूक वाहणाऱ्या झऱ्याला वेगळा शब्द आहे, 'ऐन'. एन-गेदी या गावाच्या नावात तोच आहे: करडाचा झरा. 'बेएर'चं अनेकवचन 'बेएरोत', आणि लेबनॉनच्या बैरूतचं नाव त्याच घराण्यातलं, म्हणजे 'विहिरी'. माझं 'बैर' पाण्यात गेलं ते इथे.

मग शब्दांचा क्रम बघायचा. मराठीत 'चा-ची-चे' लागलेला शब्द आधी येतो, हिब्रूत मुख्य वस्तू आधी. त्यामुळे अर्थ होतो 'शेवाची विहीर'. 'शेवा' म्हणजे सात, म्हणून अनेक ठिकाणी 'सात विहिरी' असा अर्थ सांगतात. मला तो पटत नाही. सात विहिरी म्हणायचं असतं तर 'शेवा बेएरोत' झालं असतं. इथे विहीर एकच आहे आणि सात मागून येतात.

पण सात कशाचे? इथे घाई करू नका, सगळी गंमत इथेच आहे. शीन-बेत-आयिन याच अक्षरांतून शपथ घेण्याचं क्रियापदही बनतं. आणि बायबलाच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीत, 21व्या अध्यायात दोन्ही धागे एकत्र विणले आहेत: अब्राहाम सात मेंढ्या वेगळ्या काढून अबीमलेखाला देतो, विहीर आपण खणली याची साक्ष म्हणून. नंतर सांगितलं आहे की त्या दोघांनी तिथे शपथ वाहिली, म्हणून ते नाव पडलं. आता 26वा अध्याय उघडा. तिथे अब्राहामाचा मुलगा इसहाक आहे, पुन्हा अबीमलेख आहे, पुन्हा शपथ आहे, आणि त्याच दिवशी चाकर पाणी लागल्याची बातमी आणतात. विहिरीचं नाव ठेवलं जातं 'शिवा', म्हणून ते नगर बैर-शेबा. एकाच नावाचं बारसं बापाच्या हातूनही झालं आणि मुलाच्या हातूनही!

अशी दोन बारशी दिसली की मी समजतो, नाव आधीचं आहे आणि गोष्ट त्याला नंतर चिकटली आहे. म्हणून गोष्ट टाकून द्यायची नाही. त्या काळच्या माणसांच्या कानात कोणता अर्थ घुमत होता, ते तीच सांगते. फक्त तिला जन्मदाखला मानायचं नाही.

यानंतर जुनी भाषांतरं. ग्रीक अनुवादकांनी उत्पत्तीत नावाचा सरळ अर्थच देऊन टाकला, 'शपथेची विहीर'. बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने 26व्या अध्यायातल्या त्या विहिरीला 'विपुलता' म्हटलं. हे कुठून आलं? हिब्रूत 'श' (शीन) आणि 'स' (सीन) एकाच अक्षराने लिहितात; फरक सांगणारा ठिपका मजकुरात जेरोमनंतर काही शतकांनी आला. त्या जागी 'स' वाचला की सात आणि शपथ दोन्ही जाऊन तृप्ती येते. तेव्हापासून 'शीन' दिसला की मी आधी 'सीन' वाचून बघतो. अरबी नाव आहे 'बिर अस-सबा': तेही साताची विहीर, पण तिथे 'सबा' सिंहालाही जवळचा, म्हणून काही जण 'सिंहाची विहीर' म्हणतात. चांगलं चित्र आहे, पण ते नंतरचं.

शेवटी नकाशा. आधुनिक शहर इस्राएलच्या दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटात आहे आणि त्याच्या पूर्वेला काही किलोमीटरवर तेल बेएर शेवा नावाचं टेकाड. पुरातत्त्वज्ञ योहानान आहारोनी यांनी 1969 पासून तिथे उत्खनन केलं. वेशीबाहेर सुमारे 69 मीटर खोल विहीर आहे. बायबलातलं गाव हेच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण अशा कोरड्या मुलखात इतकं खोल खणून लागलेल्या पाण्यासाठी भांडण व्हावं आणि शपथ घ्यावी लागावी, हे नकाशा बघितला की कळतं. 2005 साली मगिद्दो आणि हासोर या बायबलातल्या आणखी दोन प्राचीन गावांच्या टेकाडांबरोबर हे टेकाड जागतिक वारसा यादीत गेलं.

हात बसवायला बेथलेहेम घ्या, जेरोम राहायचा तेच गाव. 'बेत' म्हणजे घर, 'लेहेम' म्हणजे भाकर. बायबलातल्या रूथच्या गोष्टीत याच 'भाकरीच्या घरात' दुष्काळ पडतो, ते लक्षात ठेवा. अरबीत 'लहम' म्हणजे मांस. काहींना त्यात 'लहमु' नावाचं मेसोपोटेमियातलं दैवत दिसतं. आणि बायबलातल्या यहोशवा या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात जबुलून या इस्राएली वंशाच्या वाट्यात आणखी एक बेथलेहेम आहे. तुम्ही कुठल्या गावाबद्दल बोलताय, ते वहीत आधी लिहा.