मायलेजची तक्रार करण्याआधी काय काय जमवून ठेवावं

गाडी पेट्रोल जास्त खातेय अशी शंका आली की पाय थेट गॅरेजकडे वळतात. त्याआधी तीन-चार टाक्यांचा हिशेब हातात असलेला बरा. नाहीतर मेकॅनिक सांगेल ते ऐकून घ्यावं लागतं, आणि काम करून आणल्यावर फरक पडला की नुसतं वाटतंय, हेही ठरवता येत नाही. म्हणून सगळ्यात आधी गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही आणि चालणारं पेन ठेवा. फोनमध्ये लिहायचं तर फोनमध्ये लिहा, पण पंपावरून गाडी हलवण्याआधी. घरी गेल्यावर आठवून लिहिलेला आकडा काही कामाचा नसतो.

पहिली नोंद टाकी फुल्ल करून करायची. नोझल आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं. रक्कम पूर्ण आकड्यात बसावी म्हणून वर आणखी थोडं ओतू द्यायचं नाही. त्याने हिशेब बिघडतो, आणि पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो, त्यात पातळ इंधन शिरून तो खराब होऊ शकतो. ओडोमीटर लिहून घ्या, ट्रिप मीटर शून्यावर आणा. टाकी अर्ध्याखाली गेली की शक्यतो त्याच पंपावर, गाडी तशीच उभी करून, पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत भरा. आता जेवढे लिटर बसले तेवढेच मधल्या अंतराला लागले. ४२० किलोमीटर झाले आणि २८ लिटर बसले, तर लिटरला १५. पहिल्यांदा भरलेले लिटर या भागाकारात धरायचे नाहीत. घोळ बहुधा तिथेच होतो. आणि तीन-चार टाक्या झाल्यावर मायलेजच्या आकड्यांची सरासरी काढत बसू नका. सगळे किलोमीटर एकत्र करा, सगळे लिटर एकत्र करा, मग भागा.

डॅशबोर्डवर मायलेज दिसतं मग हा उपद्व्याप कशाला, असं कुणी म्हणेल. तो आकडा गाडीचा कॉम्प्युटर इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या उघडझापीवरून काढतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो खऱ्यापेक्षा थोडा गोडच असतो. आजची गाडी कालच्यापेक्षा बरी चालली का, एवढं पाहायला तो ठीक आहे. कंपनीच्या आकड्याचंही तसंच. तो आकडा काढणारी चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या तापमानात आणि ठरलेल्या वेगांवर होते. युरोपात २०१७पासून एनईडीसी या जुन्या चाचणीऐवजी डब्ल्यूएलटीपी ही जास्त कडक पद्धत आली ती याच कारणाने, की जुने आकडे रस्त्यावर भेटतच नव्हते. भांडायचं असेल तर आपल्याच गाडीच्या जुन्या नोंदींशी भांडा.

वहीत आणखी एक रकाना आखा: १०० किलोमीटरला किती लिटर. लिटरला १०चं मायलेज १२ झालं तर १,००० किलोमीटरमागे जवळपास १७ लिटर वाचतात. २०चं २५ झालं तर वाचतात फक्त १०. ऐकायला दुसरी सुधारणा मोठी, पण खिशाला पहिली मोठी. घरात दोन गाड्या असतील तर जी जास्त खाते तिच्याकडे आधी बघायचं, आणि लांबच्या फेरीला दुसरी काढायची.

मग हवेचं गेज. स्वतःचं घ्या, साधं चालेल. हवा सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी तपासायची, कारण टायर तापला की दाब वाढलेला दिसतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो बघून भरू नका. एकच टायर सारखा उतरत असेल तर व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडून बघा. बुडबुडा फुगला तर दोष व्हॉल्व्हचा, पंक्चर शोधत बसायला नको. चारही चाकांत एक-एक पीएसआय कमी असेल तर मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं. म्हणजे आठ पीएसआय उतरले तरी दीड टक्का. खरं नुकसान टायरच्या कडांचं होतं: त्या आधी झिजतात आणि नवा सेट लवकर घ्यावा लागतो.

ब्रेक धरतोय का, हे घरच्या घरी कळतं. फार ब्रेक न मारता थोडं अंतर चालवून या आणि उतरून एकेका चाकाच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. तीन चाकं कोमट आणि एक कढत असेल तर त्या चाकाचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) किंवा हँडब्रेकची केबल बहुधा अडकते आहे.

इंजिनाचा दिवा पेटला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी स्कॅनरवर कोड काढून घ्या. ऑक्सिजन सेन्सर बिघडला तर मिश्रण घट्ट होऊन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त जाऊन, मायलेज चांगलंच कोसळतं. तापमानाचा काटा खूप वेळ चालवूनही वर येत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) उघडाच राहिलाय का ते विचारा; इंजिन गारच राहिलं की इंधन जास्त जातं. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच हवं, ‘जाड ऑइल चांगलं’ या सल्ल्याला भुलू नका. एअर फिल्टरबद्दल मात्र उगाच आशा नको. कार्ब्युरेटरच्या काळात तुंबलेला फिल्टर मायलेज खायचा. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर हवेच्या मापाने इंधन सोडतो, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, मायलेजवर फारसा परिणाम होत नाही. बदला, पण पिकअपसाठी बदला.

रिकामा कॅरियर टपावरून उतरवा, डिकीतलं ओझं काढा. गाडी नुसती उभी असेल तर इंजिन बंद करा. छोट्या-छोट्या फेऱ्या एकत्र करा, कारण थंड इंजिनाचे पहिले काही किलोमीटर सगळ्यात महाग पडतात.

चालवण्याची सवय मात्र जरा वेळ देऊन बदलायची गोष्ट आहे, आणि सगळ्यात मोठी बचत इथेच आहे असं माझं मत. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून १००वर गेलात की तो ५६ टक्क्यांनी जास्त, आणि वेळ वाचतो १०० किलोमीटरमागे १५ मिनिटं. ती पंधरा मिनिटं हवीत का, हे ज्याचं त्याने ठरवावं. पुढे लाल सिग्नल दिसला की पाय लवकर काढा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. तेव्हा इंजेक्टर इंधन जवळपास पूर्ण बंद करतात. उतारावर न्यूट्रल करणाऱ्याचं इंजिन उलट चालू राहायला इंधन घेतं, आणि इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच.

पाइपला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर खर्च करू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरेक उपकरणं तपासली आहेत. बहुतेकांनी काहीच केलं नाही, मोजक्यांनी केलं ते नाममात्र. तसंच, मॅन्युअलने मागितलं नसेल तर जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलने मायलेज वाढत नाही.

आता शेवटची फाइल. वर्षभराची सर्व्हिसिंगची बिलं, टायर, विमा, कर, पार्किंग, कर्जाचं व्याज हे सगळं एका जागी आणा आणि गाडीची किंमत वर्षात किती उतरली तेही लिहा. नव्या गाडीत ही उतरलेली किंमत बहुधा इंधनापेक्षा मोठी असते, आणि ती खिशातून रोज जात नसल्यामुळे कुणी धरतच नाही. मग खर्चाचे दोन ढीग करा: गाडी उभी असली तरी लागणारा, आणि चालवली तरच लागणारा. आज गाडी काढू की बसने जाऊ, याला फक्त दुसरा ढीग बघायचा. गाडी ठेवू की विकू, याला दोन्ही.

जास्त मायलेजची दुसरी गाडी घ्यायचं मनात असेल तर जुनी विकून वर किती भरावे लागतील ते काढा आणि त्याला दोन गाड्यांच्या दर किलोमीटर इंधनखर्चातल्या फरकाने भागा. एवढे किलोमीटर झाल्यावर वर भरलेले पैसे वसूल होतील. वहीतल्या वर्षाच्या किलोमीटरनी त्या आकड्याला भागलं की वर्षं निघतात. दहाच्या वर निघाली तर आहे त्याच गाडीचे टायर बदला.