दाजींशी ब्रेक्झिटवर भांडायचं कसं

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सोळा माणसं आहेत. सात इंग्लंडात, बाकीची कराड आणि तासगावात. 2016 च्या जूनपासून या ग्रुपवर मी आणि दाजी ब्रेक्झिटवर, म्हणजे ब्रिटननं युरोपीय युनियन सोडण्यावर, भांडतोय. मी लेस्टरला राहते, ताई आणि दाजी स्लाऊला. सार्वमतात लेस्टरनं 51.1 टक्के मतं युरोपात राहण्याच्या बाजूनं दिली, स्लाऊनं 54.3 टक्के बाहेर पडण्याच्या. दोन गावांचं जे झालं तेच आमच्या घरात झालं.

"तुमचा त्यात काय संबंध?" असं कुणी विचारलं तर पहिलं उत्तर तयार ठेवा. आम्ही दोघांनी मत दिलं होतं. दाजी ब्रिटिश नागरिक होते, पण माझ्याकडे तेव्हा भारतीय पासपोर्टच होता. कॉमनवेल्थचे नागरिक इथे राहत असतील तर त्यांना त्या सार्वमतात मत होतं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी पोलिश बाई बारा वर्षं इथे टॅक्स भरत होती, तिला नव्हतं. म्हणजे युरोपीय लोकांचं पुढे काय करायचं ते ठरवायला मी चालले, ती चालली नाही. 23 जूनला संध्याकाळी मी मत देऊन आले, तेव्हा तिनं फक्त "पाऊस आहे का?" एवढंच विचारलं.

आता मुद्द्याचं. नऊ-दहा वर्षांत शिकले ते सांगते. बरंचसं हरून शिकलेय.

भांडण नक्की कशावर आहे?

दाजींचा एक मेसेज नमुन्याला घ्या: "युरोपातून बाहेर पडलो तरी बोटी थांबत नाहीत, हॉटेलं भरलीत, हॉस्पिटलात नंबर लागत नाही, आणि तुम्हाला कस्टमच्या फॉर्मांची पडलीय." बोटी म्हणजे आश्रय मागायला इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्यांच्या, हॉटेलं म्हणजे त्या लोकांना ठेवलेली. एका वाक्यात चार भांडणं. मी पूर्वी चारही गोष्टींना एकदम उत्तर द्यायचे, आठ-आठशे शब्दांचं. कोणी वाचायचं नाही. दाजी त्यातला सगळ्यात कच्चा मुद्दा उचलायचे आणि तेवढाच धरून बसायचे.

आता मी एकच विचारते: "यातलं आज कुठलं घ्यायचं?" बोटी घ्यायच्या तर बोटी. मग त्या दिवशी पौंडाबद्दल मीही बोलत नाही.

शब्दही आधीच ठरवून घ्या, मराठीत तर जास्तच. आपण सगळ्यांना 'निर्वासित' म्हणतो. बोटीतून उतरून आश्रयाचा अर्ज केलेला माणूस अजून निर्वासित ठरलेला नसतो, त्याचा अर्ज मंजूर झाला की तो निर्वासित. केअर होममध्ये नोकरीला आलेली केरळची नर्स यातली कोणीच नाही, ती व्हिसावर आलेली. पोलंडचा प्लंबर 2020 पर्यंत तिसऱ्याच नियमानं यायचा, त्याला व्हिसाच लागत नव्हता. ही तीन दारं वेगळी आहेत आणि ब्रेक्झिटनं थेट बंद केलं ते तिसरं. 16 जून 2016 ला बाहेर पडण्याच्या बाजूचे नेते नायजेल फराज यांनी जे कुप्रसिद्ध पोस्टर लावलं, 'ब्रेकिंग पॉइंट' लिहिलेलं, त्यावरचा फोटो क्रोएशिया-स्लोव्हेनियाच्या हद्दीवर चालणाऱ्या लोकांचा होता. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, नव्हतं; त्या रांगेतल्या माणसांना युरोपीय युनियनच्या मुक्त संचाराचा हक्कही नव्हता. पहिल्या दाराच्या लोकांचा फोटो दाखवून तिसऱ्या दारासाठी मत मागितलं होतं.

आधी आपली चूक टाका, मग त्यांची काढा

बाहेर पडण्याच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं की आपण युरोपला आठवड्याला 35 कोटी पौंड पाठवतो. हे खोडणं सोपं आहे. पंतप्रधान थॅचरबाईंनी 1984 मध्ये मिळवलेली सूट पाठवण्याआधीच वजा व्हायची, त्यामुळे प्रत्यक्षात जायचे ते साधारण 25 कोटी, आणि त्यातलेही काही शेतकऱ्यांच्या आणि मागास भागांच्या अनुदानातून परत यायचे. सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी 2017 मध्ये बोरिस जॉन्सन यांना यावरून जाहीर पत्र लिहिलं होतं.

पण तुम्ही बस काढलीत की समोरचा तेव्हाचे अर्थमंत्री ऑस्बोर्न यांना काढणार, आणि तिथे तुम्ही अडकणार. मे 2016 मध्ये अर्थखात्यानं सांगितलं होतं की नुसतं बाहेर पडायचं मत पडलं तरी लगेच मंदी येईल आणि पाच लाखांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या जातील. मंदी आली नाही. बेरोजगारी उलट कमी होत 2019 मध्ये चार टक्क्यांच्याही खाली गेली. दाजी हे तीन वर्षं मला ऐकवत होते आणि मी तीन वर्षं "पण... पण..." करत होते. शेवटी एकदा लिहिलं, "तो अंदाज साफ चुकला. माझ्या बाजूच्यांनी घाबरवलं." ग्रुपवर दोन मिनिटं शांतता. मग दाजींचा मेसेज आला, "बरं, बसचं पण खोटंच होतं." तीन वर्षांत जे झालं नव्हतं ते एका ओळीत झालं. म्हणून आता मी सुरुवातच ऑस्बोर्नपासून करते.

चार टक्के कसे समजावायचे

हा भाग अवघड आहे. सरकारच्या अर्थसंकल्पाचे अंदाज तपासणारी स्वतंत्र संस्था म्हणते की ब्रेक्झिटमुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्क्यांनी कमी राहील. दाजी म्हणतात, "कमी कुठे झाली? अर्थव्यवस्था तर वाढतेच आहे." त्यांचं म्हणणं चूक नाही. दोघं वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलतात.

हे मी ग्रुपवर चार वेळा चार तऱ्हेनं समजावलं आणि चारही वेळा फसले. शेवटी बाबांसाठी म्हणून उसात लिहिलं. एकरी 48 टन ऊस पडला. गेल्या वर्षीपेक्षा जास्तच आहे. पण पाणी वेळेवर मिळालं असतं तर 50 पडला असता. ते दोन टन म्हणजे चार टक्के. ते कुठल्या गाडीत दिसत नाहीत, काट्यावरही दिसत नाहीत, कारण ते पिकलेच नाहीत. कराडहून बाबांचा आवाजी मेसेज आला: "कळलं. पण पाणी कुणी अडवलं ते सांग." सगळ्या भांडणात इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पाणी कुणी अडवलं ते मला माझ्या टेबलावरून दिसतं. मी खाद्यपदार्थ आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीत हिशेब आणि कस्टम्सचे कागद बघते. इटलीहून चीज, ग्रीसहून ऑलिव्ह. 31 डिसेंबर 2020 पर्यंत इटलीहून माल मागवणं म्हणजे बर्मिंगहॅमहून मागवण्यासारखं होतं: बिल आलं, पैसे दिले, संपलं. 2022 पासून प्रत्येक खेपेला पूर्ण कस्टम्स डिक्लेरेशन. जानेवारी 2024 पासून चीजसाठी तिकडच्या पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र. एप्रिल 2024 पासून डोव्हरमार्गे येणाऱ्या अशा मालावर खेपेला 145 पौंडांपर्यंत फी, ट्रक तपासला काय नि न तपासला काय. मोठ्या सुपरमार्केटला हे झेपतं, त्यांचा ट्रक एकाच मालानं भरलेला असतो. आमच्या ट्रकमध्ये सहा दुकानांचा नऊ प्रकारचा माल.

तुम्ही काय काम करता त्यातलं असं काहीतरी शोधा. हॉस्पिटलात असाल तर तिथलं, शाळेत असाल तर तिथलं. दाजी हीथ्रोला कार्गोत आहेत, त्यामुळे डिक्लेरेशन म्हणजे काय हे त्यांना माझ्याइतकंच कळतं. त्या विषयावर आमचं आजवर एकदाही भांडण झालेलं नाही. झाली ती तक्रारींची देवाणघेवाण.

त्यांचं नाणं खरं असेल तर घ्या

24 जुलै 2025 ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. दाजींनी लग्नाचे द्यावेत तसे पेढ्यांचे इमोजी पाठवले. युनियनमध्ये असताना ब्रिटनला असा वेगळा करार करता आलाच नसता. हे निखळ ब्रेक्झिटचं फळ आहे, कबूल करा. स्कॉच व्हिस्कीवरचा भारताचा कर 150 टक्क्यांवरून आधी 75 आणि मग दहा वर्षांत 40 वर येणार, यावर तर तासगावचे सगळे काकाही एकमतानं दाजींच्या बाजूला गेले.

मी एकच आकडा शेजारी ठेवला. ब्रिटन सरकारच्याच अंदाजानं या करारामुळे अर्थव्यवस्था दीर्घकाळात सुमारे 0.13 टक्क्यानं वाढेल. आणि आधीचे ते 4. त्यावर पुढे काही लिहिलं नाही. आकडा बोलत असेल तेव्हा आपण टाइप करू नये, हे मला फार उशिरा जमलं.

बोटींबद्दल

इथे मी सगळ्यात जास्त तोंडावर आपटलेय.

एकदा रात्री दाजींनी पुन्हा बोटींचा तो दोन बाणांचा, "अनेकदा फॉरवर्ड केलेला" व्हिडिओ टाकला. मी चिडले आणि लेस्टरचा इतिहास काढला. 1972 मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितला, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: इथे येऊ नका, घरं-शाळा भरल्यात. तरी लोक आले. ज्या रस्त्यावर आपण दिवाळीला दिवे बघायला जातो तो बेलग्रेव्ह रोड त्यांनी उभा केला. मला वाटलं, आता दाजी गप्प.

दाजींनी लिहिलं, "त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते."

बरोबर होतं. त्यातल्या बहुतेकांकडे होते, म्हणूनच सरकारला त्यांना घ्यावं लागलं. उदाहरण खरं असून चुकीच्या जागी वापरलं होतं. तेव्हापासून मी ते उदाहरण एवढ्यापुरतंच वापरते: "जागा नाही" हे वाक्य नवीन नाही आणि ते आपल्यासारख्या दिसणाऱ्यांनाही म्हटलं गेलंय. त्यापलीकडे ताणत नाही.

आकड्यांचंही तसंच. 2018 मध्ये छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडलेले 299 होते, 2022 मध्ये 45 हजारांवर. "फार काही नाही हो" असं म्हणू नका, कारण वाढ डोळ्यांना दिसते. त्याच 2022 मध्ये देशात राहायला आलेल्या सगळ्यांचा आकडा 10 लाखांच्या वर होता, हे मात्र सांगा. बोटी हा त्यातला लहान भाग. टीव्हीवर दिसतो तो.

ब्रेक्झिटचा आणि बोटींचा खरा संबंध फारसं कुणी काढत नाही. डब्लिन नियमाखाली आश्रय मागणाऱ्याला तो ज्या युरोपीय देशात आधी पोचला तिथे परत पाठवण्याची सोय होती. 2021 पासून ती ब्रिटनला उरली नाही. मुद्दा दणदणीत आहे, पण वापरताना अर्धाच वापरू नका. शेवटच्या वर्षांत त्या नियमानं परत गेलेले लोक वर्षाला काहीशेच होते. हे तुम्ही स्वतःच सांगा, नाहीतर दाजी सांगतील. आणखी एक: आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायची सरकारची योजना होती; जून 2022 मध्ये त्याचं विमान ज्या स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार कोर्टानं थांबवलं, ते युरोपीय युनियनचं नाही. ते कोर्ट ज्या मानवाधिकार करारावर चालतं, त्याचा ब्रिटन आजही सदस्य आहे. "बाहेर पडलो तरी युरोप अडवतंय" याचं उत्तर इथे आहे. शिवाय नोव्हेंबर 2023 मध्ये ती योजना बेकायदा ठरवली ती लंडनच्या सर्वोच्च न्यायालयानं.

मागे काय दुखतंय ते विचारा

हे ग्रुपवर करू नका, फोन करा. मी हा फोन करायला पाच वर्षं लावली.

दाजींच्या मताचा बोटींशी काही संबंध नव्हता. त्यांची आई तासगावात एकटी असते. जुलै 2012 मध्ये सरकारनं नियम इतके कडक केले की म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं इथे आणणं जवळजवळ अशक्य झालं. त्याच वेळी त्यांच्या शेजारच्या पोर्तुगीज माणसानं युरोपीय नियमानं त्याच्यावर अवलंबून असलेली आई आणली. ती रोज सकाळी बागेत कपडे वाळत घालायची. "ते बघून मी मत दिलं," दाजी म्हणाले. "म्हटलं, सगळ्यांना एकच नियम होऊ दे."

2012 चा तो नियम लंडनच्या गृहखात्याचा होता, ब्रसेल्सचा नव्हता. ब्रेक्झिटनंतर सगळ्यांना एकच नियम झालाही, पण कडकच. नेट मायग्रेशन (आलेले वजा गेलेले) 2016 मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास होतं, ते जून 2023 पर्यंतच्या वर्षात नऊ लाखांच्या वर गेलं आणि जून 2025 पर्यंतच्या वर्षात पुन्हा दोन लाखांच्या आसपास आलं; त्यात भारतातून विद्यार्थी आले, नर्सेस आल्या. दाजींची आई सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर येते आणि परत जाते. हे सगळं मला फोनवर माहीत होतं. मी त्यातलं अर्धंही बोलले नाही. त्यांना ते माहीतच असणार.

2021 मध्ये दाजींचा पासपोर्ट रिन्यू झाला. नवा, गडद निळा. ताईनं फोटो टाकला. तो निळा रंग युनियनमध्ये राहूनही घेता आला असता, क्रोएशियाचा आहेच, आणि हे नवे पासपोर्ट एका फ्रेंच कंपनीच्या पोलंडमधल्या कारखान्यात तयार होतात. मी हे सगळं टाइप केलं. पाठवणार, तेवढ्यात ताईचा खालचा मेसेज दिसला: "ह्यांचा पासपोर्टवर पहिल्यांदा बरा फोटो आलाय."

खोडलं आणि अंगठा पाठवला.