सेल्फ मारला की नुसतं ‘टक्’: जुन्या गाडीचं दुखणं शोधताना

आमची गाडी १९ वर्षांची आहे. बाबांनी ती नवी घेतली, १३ वर्षं चालवली, मग ती माझ्याकडे आली. गाडीबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यातली एक वहीही आली. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि खाली एखादी ओळ. ‘९२,४००. पुढचे पॅड बदलले. उजवीकडचा आतला जास्त झिजलेला.’ बाबा मेकॅनिक नव्हते, पण बघितलेलं ते लिहून ठेवत. त्या वहीमुळे मी ही गाडी दुरुस्त करायला शिकले.

गेल्या सहा वर्षांत एक गोष्ट मला पटली आहे. जुन्या गाडीत बिघाड झाला की आपण मोठ्या भागावर संशय घेतो: बॅटरी गेली, स्टार्टर गेला, रेडिएटर गेला. दुखणं मात्र बहुतेक वेळा दोन भागांच्या मधे असतं, म्हणजे गंजलेल्या जोडात, कडक झालेल्या रबरात, आतून हिरव्या पडलेल्या तांब्याच्या वायरीत. म्हणून नवा भाग आणण्याआधी मोजायचं. त्यासाठी एक साधा मल्टिमीटर, चांगली बॅटरीची विजेरी, पान्यांचा संच, जॅक, जॅकखेरीज दोन भक्कम स्टँड आणि जमल्यास ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) एवढं पुरतं.

सगळ्यात जास्त मी शिकले ते गाडी सेल्फ घेईना तेव्हा.

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं ते आधी नीट ऐका. ‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज येत असेल तर बहुधा बॅटरीत दम नाही किंवा तिची टोकं ढिली आहेत. एकच ‘टक्’ होऊन शांतता पसरली तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर), त्याचा सोलेनॉइड म्हणजे त्याला करंट जोडणारा विजेचा स्विच, किंवा त्याच्यापर्यंत जाणारी जाड वायर. काहीच आवाज नसेल तर फ्यूज, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), इग्निशन स्विच किंवा क्लचच्या पेडलजवळचा स्विच, आणि ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या दांड्याचा स्विच. त्याच वेळी हेडलाइट लावून बघा. सेल्फ मारताना दिवे पार मिणमिणले तर बॅटरी किंवा तिचे जोड, दिवे जराही हलले नाहीत तर स्टार्टरपर्यंत करंट पोचतच नाही.

मग मीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरू नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं पाहिजे. तिथेही १२.४ च दिसत असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि अशा वेळी नवी बॅटरीही दोन दिवसांत बसेल.

आमची गाडी तेव्हा सेल्फ घेताना अडखळायची, आणि एखाद्या दिवशी नुसतं ‘टक्’. लोकांच्या सांगण्यावरून आधी बॅटरी बदलली, मग एका गॅरेजमध्ये स्टार्टरही बदलून घेतला. महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी मी स्वतः मोजायला बसले. बॅटरी १२.६. सेल्फ मारताना बॅटरीवर ११.४, म्हणजे बॅटरी ठणठणीत आणि तरी स्टार्टर सुस्त! बॅटरीत ताकद आहे, पण ती वाटेत कुठेतरी अडते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ती वाट अशी शोधा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी टोकणी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर धरा, क्लॅम्पवर नाही, खुद्द खुंटीवर. लाल टोकणी इंजिनच्या स्वच्छ उघड्या धातूवर. आता कुणालातरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की शोधायला लागा. माझ्या मीटरवर २.१ आला. गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी तांब्याची विणलेली पट्टी वरून धड दिसत होती, पण बोल्टखाली गंजाचा थर होता आणि एका टोकाला निम्मे धागे तुटलेले. पट्टी बदलली, जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला. आकडा ०.१ वर आला, आणि त्यानंतर सेल्फ कधी अडखळला नाही. पॉझिटिव्ह बाजूही तशीच तपासता येते: बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी आणि स्टार्टरवरचा जाड वायरीचा बोल्ट. तिथेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा भुगा साठला असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, आवळा, वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम चुकवू नका. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेऊ शकतो.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरीची खुंटी यांच्या मधे मीटर जोडा, १० अँपिअरच्या खाचेत. दारं बंद करून अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. नंतर ५० मिलिअँपिअरच्या आत दिसलं तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजवर आकडा पडेल, त्या सर्किटमध्ये चोर आहे. माझ्याकडे तो डिकीतला दिवा निघाला, झाकण लावल्यावरही आत जळत राहणारा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

गाडी गरम होत असेल तर पहिला प्रश्न एकच: कधी? गर्दीत रेंगाळताना काटा चढतो आणि वेग घेतल्यावर उतरतो, की मोकळ्या रस्त्यावरच चढतो? वेगात वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. म्हणून फक्त गर्दीत गरम होणाऱ्या गाडीत आधी पंखा बघायचा. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत तेवढ्याने पंखा फिरायला हवा. माझा फिरला नाही. फ्यूज चांगला होता. पंख्याचं सॉकेट काढून मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिले, तर लगेच फिरली. म्हणजे मोटर चांगली. शेजारी हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो पंख्याच्या जागी लावला आणि पंखा सुरू. नवी मोटर घ्यायला निघाले होते, बदलावा लागला काडेपेटीपेक्षा लहान रिले. (पंख्याजवळ काम करताना हात, ओढणी, केस सांभाळा. इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो.)

मोकळ्या रस्त्यावर गरम होत असेल तर कुलंट कमी असेल, रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून धूळ-किड्यांनी बुजला असेल, वॉटर पंप पाणी ढकलत नसेल किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, अर्धवट उघडत असेल. थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, तेवढ्या अंशांना तो उघडायला लागतो. जुन्या भांड्यात पाणी घेऊन तो दोरीने लोंबता सोडा, तापवा, थर्मामीटर धरा. उकळी आली तरी तो मिटलेलाच राहिला तर बदला.

काटा लाल रेघेकडे जाताना दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनची उष्णता आत खेचतो. घामाघूम व्हाल, पण बाजूला थांबेपर्यंत इंजिन वाचेल. मग इंजिन बंद करा, आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. त्या झाकणामुळे आत साधारण एका वातावरणाइतका जादा दाब असतो, त्या दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडलं की दाब जातो आणि सगळं एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. यात घाई केलेल्या माणसाचा भाजलेला हात मी पाहिला आहे.

वरचेवर नळाचं पाणी ओतून वेळ भागवू नका. आतून गंज आणि क्षार साठतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बहुतेक गाड्यांत निम्मं-निम्मं. कुलंट बाहेर कुठे गळत नसूनही कमी होत असेल, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल आणि डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलची, शंका घ्या. फक्त ऑईलच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय दिसली म्हणून घाबरू नका, छोट्या फेऱ्यांमुळे साठलेल्या दमटपणानेही ती येते. डिपस्टिक बघून ठरवा.

इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसेल, आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्ट देणारी) असेल, तर माझी आवडती चाचणी करा. स्कॅनर १६ पिनांच्या सॉकेटला लावा. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इंजिन बंद करून पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावा, कोड पुसा, फेरी मारा. आता पी०३०२ आला तर कॉइल खराब. पी०३०१ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. प्लग काढाल तेव्हा त्याचा रंग बघा. फिकट तपकिरी चांगला. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. ओला तेलकट काळा असेल तर ऑईल आत येतंय. कोड भाग बदलायला सांगत नाही, तो फक्त कुठे बघायचं ते सांगतो. पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, हा कोड आल्यावर लगेच सेन्सर बदलायला धावू नका. थ्रॉटलनंतरच्या रबरी नळ्या बोटांनी वाकवून बघा. १९ वर्षांच्या रबराला वळणावरच चिरा पडतात. माझ्याकडे करंगळीएवढी नळी फाटली होती.

ब्रेक. कर्कश चिरका आवाज बहुधा पॅड संपत आल्याचा इशारा असतो, खरखर धातूचा आवाज म्हणजे पॅड संपून डिस्क खरवडली जातेय, आणि ती गाडी चालवायची नाही. पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरवर आलं की बदला. बाबांच्या वहीतली ‘उजवीकडचा आतला जास्त झिजलेला’ ही ओळ मला तीन वर्षांनी उपयोगी पडली. गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढायला लागली होती. त्या ओळीवरून मी सरळ उजवा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उघडला. त्याची सरकती पिन सुकून अडकली होती, म्हणून एकटा आतला पॅडच दाबला जायचा. पिन साफ केली, ब्रेकचंच खास ग्रीस लावलं. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शिरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि लांब उतारावर पेडल स्पंजासारखं होतं. दर दोन वर्षांनी बदला. ब्रेकच्या पाइपला किंवा मास्टर सिलिंडरला मी हात लावत नाही, ते जाणकाराकडेच. एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगही तशाच. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधी, एका मिनिटासाठीसुद्धा, शिरू नका.

आवाजांबद्दल थोडक्यात: पूर्ण वळणावर ‘कटकट’ म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाला वळतानाही फिरवत ठेवणारा सांधा), चाकामागचं रबरी बूट फाटलंय का बघा. वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घुमघुम म्हणजे चाकाचं बेअरिंग. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं ते चाकांच्या बॅलन्सिंगमुळे, फक्त ब्रेक मारताना थरथरत असेल तर डिस्क.

गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि चाकांच्या जागा पेनाने आखा. सकाळी डाग कुठे पडला ते कळतं. स्वच्छ पाणी एसीचं, त्याची काळजी नको. हिरवं-गुलाबी कुलंट, तपकिरी-काळं ऑईल, चाकाजवळ फिकट पिवळं असेल तर ब्रेक फ्लुइड, आणि त्या दिवशी गाडी काढू नका.

जुनी गाडी नुकतीच हातात आली असेल तर आणखी एक बघा: इंजिनचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन. रबरी बेल्ट किलोमीटरने म्हातारा होतो तसा वर्षांनीही होतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो चालत्या गाडीत तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. कधी बदलला याची कुठेच नोंद नसेल तर बदललेला नाही असंच समजा, मॅन्युअलमधली मुदत बघा आणि टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी चकती) बदलून घ्या. शक्य असेल तर त्याच वेळी वॉटर पंपही, कारण बऱ्याच इंजिनांत तो त्याच कव्हरमागे असतो आणि नंतर एकट्यासाठी सगळं पुन्हा उघडावं लागतं. आमच्या वहीत ती नोंद सापडली: ‘१,१८,०००. बेल्ट, टेन्शनर, पंप.’ खाली मी माझी जोडली आहे.