बी.एस्सी.नंतरचे सात महिने : औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतील पहिली नोकरी

२०१८ च्या जूनमध्ये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा बी.एस्सी.चा निकाल लागला आणि रसायनशास्त्रात प्रथम श्रेणी मिळाल्याचा आनंद आमच्या सेलूच्या घरात जेमतेम आठवडाभर टिकला. तिथून पुढे, वाळूजच्या एका औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत २०१९ च्या फेब्रुवारीत रुजू होईपर्यंत, सात महिने मी घरी होते. तालुक्याच्या गावात साधी बी.एस्सी. केलेल्या आणि कंपनीत ओळखीचे कोणी नसलेल्या मुलामुलींसाठी त्या महिन्यांबद्दल लिहीत आहे. अभियांत्रिकीच्या मुलांकडे निदान प्लेसमेंट सेल नावाची एक खोली तरी असते. आमच्या महाविद्यालयात तीही नव्हती.

नोकरी नसण्यापेक्षा नोकरीबद्दल विचारले जाण्याची भीती मला अधिक होती. गिरणीत, लग्नात, बसस्टँडवर, जो भेटेल तो "लागली का मग कुठं?" असे विचारी, आणि त्यात वाईट हेतू नसतो हे कळत असूनही मी दळण आणायला जायचे टाळू लागले. आई काहीच विचारत नसे आणि त्याचे ओझे वाटे. रात्री झोप उडाली की मोबाईलवर जाहिराती चाळायच्या, 'दोन वर्षांचा अनुभव आवश्यक' ही ओळ दिसली की पुढे सरकायचे आणि पहाटे डोळा लागला की उशिरा उठल्याबद्दल दिवसभर स्वतःवर चिडायचे, असा क्रम महिनाभर चालला. याच काळात एम.एस्सी. आणि एमपीएससी असे दोन सल्ले मिळाले. दोन्ही मार्ग चांगलेच आहेत, परंतु मला ते हवे होते ते "सध्या काय करतेस?" या प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणून. एवढ्याच कारणासाठी कोणी प्रवेश घेत असेल तर त्याने जरा थांबावे असे मला वाटते, कारण दोन वर्षांनी तोच प्रश्न वाढलेल्या वयासह परत येतो.

पहिल्या वॉक-इनसाठी, म्हणजे थेट कंपनीत जाऊन द्यायच्या मुलाखतीसाठी, मी सेलूहून पहाटेच्या गाडीने तेव्हाच्या औरंगाबादला गेले आणि स्टेशनवरून शेअर रिक्षाने वाळूज गाठले. कंपनीच्या गेटबाहेर दोनशेच्या आसपास मुले फायली घेऊन उभी होती. अर्जात एचपीएलसी येते का, असा रकाना होता. हे यंत्र औषधातील घटक वेगळे करून त्यांचे प्रमाण मोजते आणि औषध कंपन्यांची निम्मी कामे त्यावर चालतात, एवढे मला ठाऊक होते. यंत्र मात्र मी फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिले होते. शेजारच्या मुलीने 'होय' लिहिले म्हणून मीही लिहिले. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "मोबाईल फेज तयार केल्यावर यंत्राला लावण्याआधी काय करता?" मोबाईल फेज म्हणजे यंत्रातून वाहणारे द्रावक; ती ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात आणि तिच्यात विरघळलेली हवा काढून टाकतात, हे ज्याने एकदा जरी काम केले असेल त्याला झोपेतही सांगता येते. मी गप्प बसले. समोरच्या मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझा अर्ज उलटा करून बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवला. परतीच्या गाडीत मला अपयशापेक्षा त्या खोटेपणाची लाज अधिक वाटत होती.

त्यानंतरच्या दोन मुलाखतींत खोटे बोलले नाही, पण उत्तरे इतकी मोघम दिली की परिणाम तोच झाला. "प्रात्यक्षिकात काय केलेत?" असे विचारल्यावर मी "टायट्रेशन वगैरे" असे म्हणाले. टायट्रेशन म्हणजे ज्ञात तीव्रतेचे द्रावण थेंबाथेंबाने मिसळून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता काढणे. तीन वर्षे दर आठवड्याला प्रयोगशाळेत उभे राहिल्यानंतर त्या अनुभवासाठी माझ्याजवळ 'वगैरे' एवढाच शब्द होता. मग दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून प्रात्यक्षिकांच्या जर्नल खाली आल्या. त्या रद्दीत घालण्याऐवजी मी उघडून बसले आणि एका वहीत प्रत्येक प्रयोगाबद्दल लिहू लागले : कोणती वस्तू माझ्या हाताने वापरली, काय बिघडले, आणि ते तसे का करतात. ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचनळी, ज्या द्रावणाने भरायची त्याच द्रावणाने आधी विसळतात, कारण आत राहिलेल्या पाण्याच्या थेंबांनी द्रावण पातळ होते. शंक्वाकृती फ्लास्क मात्र द्रावणाने विसळायचा नाही, कारण त्यात द्रावणाचे अवशेष राहिले तर मोजून घेतलेल्या मापापेक्षा पदार्थ जास्त होतो. हे मी दरवेळी करत होते, पण कोणी का म्हणून विचारले असते तर अडखळले असते. साधारण तीन आठवड्यांत चाळीसएक पाने झाली. त्या तीन आठवड्यांत मला झोपही बरी लागू लागली.

जानेवारीतली मुलाखत या वहीमुळे तरली. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी कोरा कागद पुढे सरकवून ०.१ नॉर्मल (हे तीव्रतेचे एकक) सोडियम हायड्रॉक्साइडचे ५०० मिलिलिटर द्रावण करायला किती ग्रॅम लागेल ते लिहायला सांगितले. घाईत मी ४ लिहिले, ते एका लिटरचे उत्तर आहे हे ध्यानात येताच त्याच आकड्यावर गिरवून २ केले. त्यांनी कागद उचलून विचारले, "इथं आधी काय लिहिलं होतं?" मी सांगितले. "तुम्ही सांगितलंत म्हणून मला कळलं, कागदावरून कळलं नसतं," असे म्हणून त्यांनी स्वतः शेजारी एक ४ लिहिला, त्यावर एकच आडवी रेघ मारली, बाजूला २ लिहून सही केली आणि तारीख घातली. औषधांच्या प्रयोगशाळेत चूक खोडायची नसते, वाचता येईल अशी ठेवायची असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले.

मग त्यांनी विचारले की दोन ग्रॅम मोजून टाकले म्हणजे द्रावण नेमके ०.१ नॉर्मल झाले का. इथे मला पुस्तकाआधी वॉच ग्लास, म्हणजे वजन करताना वापरायची उथळ काचेची बशी, आठवली. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या वजन करता करताच ओलसर होऊन काचेला चिकटतात, त्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यामुळे वजनावर विसंबता येत नाही आणि द्रावणाची खरी तीव्रता ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेशन करून काढावी लागते, असे मी सांगितले. एचपीएलसीबद्दल विचारल्यावर, तत्त्व वाचले आहे पण यंत्राला हात लावलेला नाही, असे स्पष्ट म्हणाले. आता मी स्वतः अधूनमधून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते, तेव्हा 'हार्डवर्किंग' आणि 'पंक्च्युअल' हे शब्द असलेले सारखेच बायोडेटे गठ्ठ्याने पाहते आणि चिकटलेल्या गोळ्यांबद्दल सांगणारे कोणी आले की पेन खाली ठेवते. फ्रेशरकडून आम्हाला यंत्राचा अनुभव अपेक्षित नसतो. जे केले ते नेमक्या शब्दांत सांगता यावे आणि जे केले नाही ते केले म्हणू नये, एवढेच पाहिले जाते.

पैशांबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. नोव्हेंबरमध्ये एका मध्यस्थाने 'नक्की जागा' म्हणून नोंदणीचे अडीच हजार रुपये माझ्या वडिलांकडून घेतले आणि नंतर फोन उचलणे बंद केले. नोकरी लावण्याआधी पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नये. दुसरे असे की वार्षिक आकड्याला बाराने भागून पगार काढू नये. मला सांगितलेले १ लाख ८० हजार म्हणजे महिना १५ हजार असे आम्ही घरी धरले होते, परंतु त्यात कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी आणि ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी आधीच धरलेली होती. माझ्या वाट्याचा निधी, ईएसआय आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा होऊन साडेअकरा हजारांच्या आसपास हातात आले. खोलीभाडे आणि मेस धरून ते पुरले, पण हिशेब आधी मांडला असता तर पहिल्या महिन्यात वडिलांकडे पुन्हा हात पसरावा लागला नसता. म्हणून मूळ वेतन किती, कपाती कोणत्या आणि नेमणूक थेट कंपनीची की कंत्राटदारामार्फत, हे नियुक्तिपत्र हातात घेऊन विचारावे. असे विचारल्याने कोणी नेमणूक रद्द केल्याचे मी पाहिलेले नाही.

रुजू झाल्यावर काळजी संपेल असे वाटले होते, पण पहिले तीन आठवडे मी मुख्यतः काचसामान धुतले आणि इतरांच्या नोंदी वाचल्या. माझ्याबरोबर लागलेल्या चौघांपैकी दोघे "आम्ही भांडी घासायला आलो का?" म्हणत महिन्याच्या आत निघून गेले, मलाही एका संध्याकाळी घरी फोन करून तेच म्हणावेसे वाटले होते. बाविसाव्या दिवशी वरिष्ठ ताईंनी मला द्रावणाची आम्लता मोजणाऱ्या पीएच मीटरपाशी बोलावले, ४, ७ आणि ९.२ अशा ठरलेल्या पीएचची बफर द्रावणे समोर ठेवली आणि कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांच्याशी मीटरची जुळणी, करायला सांगितले. इलेक्ट्रोड धुऊन मी हलकेच टिपून घेतला, आकडा स्थिरावण्याची वाट पाहिली, नोंदवहीत वाचन लिहिले आणि शेवटच्या रकान्यात माझी आद्याक्षरे घातली. 'तपासले' या रकान्यात ताईंनी सही केली आणि वही मिटण्याआधी मला तारीख घालायची राहिली आहे हे बोट ठेवून दाखवले.