विनोदी रॉक बँड काढताय? आधी झीलकऱ्यांकडे बघा

मित्रांनी मिळून विनोदी बँड काढायचा म्हटलं की सुरुवातीचे कित्येक आठवडे नाव ठरवण्यातच जातात. जाऊ द्या. नावावरून भांडताना कोण किती वेळ रुसतो हे कळतं, आणि ती माहिती पुढे फार कामाला येते.

आमचा बँड पुण्यातला, कॉट बेसिसवर राहणाऱ्या चौघांचा. गिटारवाला एकच खरा शिकलेला. गायक एकांकिकांमधला. बेस माझ्याकडे, कारण तो कुणालाच नको होता. आणि ड्रमर ढोल-ताशा पथकातून आलेला. तुमच्या ओळखीत ताशावाला असेल तर सोडू नका. हात तयार असतो, दम असतो, शिवाय गर्दीसमोर वाजवायची भीड चेपलेली असते. फक्त मिरवणुकीत लय चढवत न्यायची सवय हाडात मुरलेली असते, त्यामुळे गाणं सुरू होतं एका वेगात आणि संपतं भलत्याच. कानात मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र) घालून वाजवायला बसवा. चिडेल, पण सुधारेल.

आमचं पहिलं जमलेलं गाणं म्हणजे खोलीच्या दारामागे चिकटवलेला नियमांचा कागद. ‘गिझर सकाळी सात ते साडेसात. पाहुणा मुक्कामी राहिल्यास वेगळे पैसे. भिंतीत खिळा ठोकू नये.’ गायकाने आधी त्यावर कोट्या केल्या, यमकं जुळवली, मध्ये एक ‘मालकीणबाईं’चा आवाजही काढला. तालमीला आलेले मित्र तोंडदेखलं हसले. मग एकदा वैतागून त्याने तो कागद जसाच्या तसा, डेथ मेटलच्या गुरगुरत्या आवाजात म्हटला. मागे गिटारची तितकीच काळीकुट्ट रिफ (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा), आणि ‘खिळा ठोकू नये’वर दोन्ही पायांनी धडधडणारा बास ड्रम. खोलीतला एक जण हसता हसता खाटेवरून खाली आला.

यातून आमच्या हाती लागलं ते एवढंच: शब्द विनोदी असतील तर वाजवणं शंभर टक्के गंभीर हवं. ‘गंमतच तर करतोय, थोडं बेसूर चालेल’ असं म्हणणारा बँड दुसऱ्या गाण्यापर्यंतच चालतो. मुंबईत ‘डिमॉनिक रिझरेक्शन’सारखा कडक मेटल बँड चालवणाऱ्या साहिल मखिजानेच ‘वर्कशॉप’ हा विनोदी बँडही काढला. ज्याला खरं मेटल वाजवता येतं त्याच्याच हातून मेटलची टिंगल रंगते. आणि चार जण नसतील तरी अडत नाही. न्यूझीलंडचे ‘फ्लाइट ऑफ द कॉन्कॉर्ड्स’ म्हणजे वेलिंग्टनच्या विद्यापीठात भेटलेले दोन मित्र. १९९८ मध्ये त्यांनी जोडी जमवली, ती मुख्यतः दोन गिटारींवर आणि कमालीच्या निर्विकार चेहऱ्यांवर.

आता मराठीत लिहिणाऱ्यांची खरी अडचण. इंग्रजी रॉकची चाल डोक्यात धरून मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागते. ‘गिझर’चा ‘गि’ ताणला की ऐकणारा ‘गी म्हणजे काय’ यात अडकतो, आणि तोवर विनोद निघून गेलेला असतो. आधी ओळ नुसती बोलून बघा, बोलताना जिथे आवाज थांबतो तिथेच ठेका पाडा. यासाठी पोवाडा ऐका. शाहीर शब्द जवळजवळ बोलण्याच्या वेगात फेकतो आणि मागून झीलकरी, म्हणजे साथीला सूर धरणारे, ‘जी जी रं जी’ करतात. त्या ‘जी जी’मध्ये ऐकणाऱ्याला ओळ पचवायला वेळ मिळतो. विनोदी गाण्याला नेमकी हीच जागा लागते. हशा येण्याच्या ओळीनंतर आम्ही दोन मात्रा रिकाम्या सोडायचो आणि तिसऱ्या कडव्यापासून तिथे सगळ्यांनी मिळून झील धरायची. लोक हसले तर हशा झाकला जात नाही, नाही हसले तर निदान गाणं तरी पडत नाही. एकनाथांची भारुडंही याच कानाने ऐका. हसवता हसवता धृपद किती वेळा आणि कुठे परत येतं ते बघा.

विषय निवडताना बायको, सासू, जाडा माणूस हे टाळा. कुणाला वाईट वाटेल हे आहेच, पण मुळात ते शिळं आहे. पुणेरी पाट्यांवरही आता कृपा करा.

मंचावर गेलात की सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे एको. मंडळाच्या कार्यक्रमातला साउंडवाला ऑर्केस्ट्राला सरावलेला असतो, गायकाच्या माइकला एको देणं हा त्याच्या दृष्टीने पाहुणचार. पण ‘गिझर-झर-झर’ ऐकू आलं की विनोद संपला. भांडू नका. लवकर पोचा, चहा घेताना सांगा, ‘दादा, आमचं बोलण्यासारखं आहे, शब्द कळले पाहिजेत, एको पूर्ण बंद ठेवा.’ दुसरं, आपल्याच गिटारला आवरा. मराठी व्यंजनांची स्पष्टता साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि डिस्टॉर्शन लावलेली गिटार तिथेच ठाण मांडते. कडव्यात गिटारचे मिड्स (मधल्या पट्ट्यातला आवाज) उतरवा, मधल्या तुकड्यात चढवा. आमच्या गिटारवाल्याला हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. गिटारवाल्यांना लागतोच.

ड्रमकिट आयोजकांचं असलं तरी स्नेअर, झांजा आणि पेडल आपलं न्या. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद होतो (सणासुदीला काही ठरावीक दिवस १२ पर्यंत सवलत असते), आणि सत्कार लांबले की कात्री तुमच्याच वेळेला लागते. हुकमी गाणं शेवटाला राखून ठेवू नका, दुसरंच वाजवा.

गाणी लोकांपर्यंत पोचवायला अल्बमची वाट बघू नका. अमेरिकेतल्या ‘दे माइट बी जायंट्स’च्या दोघांनी १९८० च्या दशकात ब्रुकलिनमधल्या घरच्या आन्सरिंग मशीनवर गाणी लावली होती. वर्तमानपत्रात नंबर छापायचा, फोन करणाऱ्याला एक गाणं ऐकू यायचं. आज रील आहे, काम तेच.

प्रसिद्ध सिनेगीताच्या चालीवर आपले शब्द घालायचा मोह होईल. अत्र्यांनी १९२५ मध्ये ‘झेंडूची फुले’त कवींची विडंबनं केली, पण ती छापील कविता होती. तुम्ही दुसऱ्याची चाल वाजवून व्हिडिओ टाकणार. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालीवर हक्क राहतो. स्वतःची चाल बांधा. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क पक्का झाला आहे, त्यामुळे आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सदस्य होऊन गाणी नोंदवा. नोंदवताना कुणाचा वाटा किती, हे गाणं तयार झालं त्याच आठवड्यात लिहून सह्या घ्या. आमच्याकडे ‘पाहुणा मुक्कामी’नंतरची झील कुणाला सुचली यावर गायक आणि ताशावाला अजून भांडतात. गाणं दर कार्यक्रमात वाजतं, नोंदलेलं मात्र नाही.