हेक-रासचं मॉडेल बिघडलंय? आधी जी०१ उघडा

हेक-रास म्हणजे नदीतल्या पाण्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर. त्यातला प्रोजेक्ट उघडेना किंवा रन (मॉडेलची गणना) मध्येच मेला, की सल्ला ठरलेला असतो: एचडीएफ फायली उडव आणि परत चालव. सल्ला चुकीचा नाही. रन अर्धवट तुटला तर पी०१.एचडीएफ (रनचे निकाल साठवणारी फाइल) खरंच खराब होते, आणि पुन्हा रन केला की नवी तयार होते. (उडवू मात्र नका, नाव बदलून बाजूला ठेवा.) पण तिथेच थांबणारे वरिष्ठ मला अजून खटकतात. भूमिती, म्हणजे मॉडेलमधला नदीचा आकार, बिघडलेली असेल तर एचडीएफ कितीही वेळा काढा, तीच घाण नव्याने तयार होणार.

भूमितीची जी०१ ही साधी टेक्स्ट फाइल आहे, आणि माझं सगळं डोकं तिनेच खाल्लं. क्रॉस सेक्शनचे (नदीच्या आडव्या छेदाचे) स्टेशन, म्हणजे छेदावरचं अंतर, आणि उंचीचे आकडे तिथे जागा सोडून लिहिलेले वाटतात, पण तसं नसतं. प्रत्येक आकड्याला नेमकी आठ अक्षरांची जागा, एका ओळीत दहा आकडे. आकडा लहान असला तर मोकळी जागा दिसते. मोठा असला तर ११२५०.७५ आणि त्यापुढचा १०१.४५२३ चिकटून '११२५०.७५१०१.४५२३' असे दिसतात. हे बरोबरच आहे! कुणीतरी 'नीट' करायला मध्ये स्पेस टाकतो, किंवा स्प्रेडशीटमध्ये स्पेसवर तोडून परत चिकटवतो, आणि त्या ओळीतले पुढचे आकडे आपल्या जागेवरून सरकतात. वरच्या ओळीत बिंदूंची संख्या ४० असेल तर खाली ८० आकडे हवेत, कारण प्रत्येक बिंदूला स्टेशन आणि उंची असे दोन. बिंदू काढून टाकले आणि संख्या तशीच ठेवली, तर वाचताना पुढची ओळही त्यातच गिळली जाते.

सगळ्यात वाईट म्हणजे मॉडेल कधीकधी तरीही चालतं. एका सेक्शनमध्ये नदीपात्रात भिंत उभी राहते, पाण्याची पातळी उसळते, आणि आपण टाइम स्टेप (गणनेतला वेळेचा टप्पा) कमी करत, मॅनिंगचा 'एन' (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) वाढवत बसतो. तसं करू नका. आधी सगळे सेक्शन एकेक करून डोळ्यांनी बघा. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

घाबरू नका, टेक्स्ट फाइल सहसा वाचवता येते. जुनी प्रत आणि आताची प्रत डिफ टूलमध्ये (दोन फायलींतला फरक दाखवणारं साधन) शेजारी लावा. बदललेली ओळ लगेच सापडते. जुनी प्रत नसेल तर कोऱ्या प्रोजेक्टमध्ये एकेक रीच (नदीचा तुकडा) इम्पोर्ट करून बघा. कुठल्या रीचवर अडतंय ते कळलं की शोधायची जागा खूप कमी होते.

बाकीचं थोडक्यात. विंडोजच्या रीजनल सेटिंगमध्ये दशांशचिन्ह स्वल्पविराम असेल तर ते टिंब करा. शेपफाइलच्या प्रोजेक्शन फाइलचंही एक्स्टेंशन पीआरजे आणि हेक-रासच्या प्रोजेक्टचंही पीआरजे. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाने सेव्ह केलं तर एक दुसरीला पुसते. क्लाउड सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये रन करू नका, फायली लॉक होतात. आणि भूमितीत हात घालण्याआधी फाइल मेनूमधला डीबग रिपोर्ट काढा. चालू प्लॅनच्या (एका रनच्या मांडणीच्या) सगळ्या फायली एका झिपमध्ये मिळतात. 'कॉपी-पेस्ट पुरे' म्हणणाऱ्यांकडून हमखास एखादी फाइल मागे राहते.